अनुभव धागा: बंद गाडीचं अॅल्युमिनियम छप्पर – गळती, फाटलेला पत्रा, पोचे

आंबा संपत आला आणि १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. बॉडीची कामं काढायचे हेच दिवस. टेम्पो असो की मागे ओढायचा बंद ट्रेलर, टपाचा अॅल्युमिनियम पत्रा गळायला लागला, फाटला किंवा दबला तर नेमकं काय करता? मापं, सामान, काय फसतं आणि का, ते लिहा. "मिस्त्रीला दाखवा" एवढंच नको.

हर्णेकर
आधी गळती शोधा. आत थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भोक असेलच असं नाही. पाणी टपाखालच्या आडव्या पाइपावरून सरकत दोन-तीन फूट लांब जाऊन टपकतं. टप गोड्या पाण्याने धुऊन खार काढा, सुकू द्या. मग एकाने आत बॅटरी घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बारीक धारेने सखल बाजूकडून वर जायचं, प्रत्येक सांध्यावर पाचेक मिनिटं. एकदम सगळीकडे पाणी मारलंत तर काहीच कळत नाही.

रिबिटेभोवती (रिव्हेट, पत्रा पाइपाला जखडणारी) पांढरी पूड दिसली तर तिथे अॅल्युमिनियम खाल्लं गेलंय असं समजा. खाली लोखंडी पाइप, वर अॅल्युमिनियम, मधे खारं पाणी, म्हणजे बॅटरीच तयार होते आणि त्यात झिजतं ते अॅल्युमिनियम. डोकं नखाने हललं तर ती रिबिट काढायचीच, वरून काही थापायचं नाही.

पत्राकाम
फाटलेल्या पत्र्याचं सांगतो. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर ठिगळाखालून चीर पुढे पळते. वर आलेल्या कडा लाकडी हातोडीने बसवा. ठिगळ १ मिमी अॅल्युमिनियमचं, फाटलेल्या भागाच्या चारी बाजूंना ५० मिमी जास्त. म्हणजे १०० × ३० मिमीच्या चिरेला २०० × १३० चा तुकडा. कोपरे गोल करा, टोकदार कोपरा आधी उचलतो.

दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडा आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) किंवा अॅसिटोनने पुसा, दर वेळी स्वच्छ फडकं. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका, त्याचे कण अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच खड्डे पडतात. कडेने ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) सलग लावा, जोड कोपऱ्यावर आणू नका.

रिबिटा ४.८ मिमीच्या, ड्रिलचं बिट ४.९ किंवा ५ चं. कडेपासून १२ ते १५ मिमी आत, दोन रिबिटांत २५ ते ३० मिमी अंतर. आधी चारी बाजूंच्या मधल्या रिबिटा, मग समोरासमोर, कोपरे शेवटी, म्हणजे पत्रा फुगत नाही. लांबी एकूण जाडीपेक्षा साधारण ५ मिमी जास्त: पत्र्यावर पत्रा असेल तर ८, खाली पाइप आला तर १०. बंद टोकाच्या मिळाल्या तर त्याच घ्या. साध्या रिबिटेत मधला खिळा लोखंडी असतो. तो आत गंजतो आणि टपावर तांबडे ओघळ येतात. जुनं भोक मोठं झालं असेल तर १४ मिमी डोक्याची रिबिट.

देवगड_टेम्पो
वरच्याला एक जोड. पाइपावर पत्रा बसतो तिथे पाइप खरवडून प्राइमर मारा आणि मधे टेप ठेवाच. धातूला धातू थेट टेकू नये.

सीलंटवाला
व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन टपावर नको. ते सुकताना अॅसिड सोडतं, आणि एकदा लागलं की त्या जागी पुढे ना रंग धरतो ना दुसरं सीलंट (सांधे बुजवायचा लगदा). एमसीलही सांध्यावर नको, कारण ते कडक होतं आणि पत्रा हलत असतो. हिशोब करा: ३ मीटरचा पत्रा पहाटेपेक्षा दुपारी ४० अंशांनी तापला तर साधारण २.८ मिमी वाढतो, खालचा लोखंडी पाइप १.४. हा फरक रबरासारखं सीलंटच झेलतं. पॉलियुरेथेन सीलंट वापरा, ते हवेतल्या ओलाव्याने २४ तासांत साधारण ३ मिमी खोल पिकतं, म्हणजे घट्ट होतं. उन्हाने ते भुरभुरतं, म्हणून वरून रंग द्या. हवा दमट चालेल, पत्रा मात्र कोरडाच हवा. पहाटेचं दव पडलेल्या टपावर लावलेलं सीलंट महिनाभरात पट्टीसारखं सोलून निघतं.

मालवणी माड
माडाखाली गाडी उभी केली की नारळाचा पोचा ठरलेला. पोचा म्हणजे डबकं, आणि डबकं सांध्याजवळ असलं की गळती आलीच. वरून ठोकू नका. आतून पोच्याच्या मध्यावर फळी ठेवून जॅकने हळूहळू उचला, थोडं जास्त वर न्या, कारण पत्रा परत बसतो. पुन्हा पुन्हा मागेपुढे केलात तर अॅल्युमिनियम कडक होऊन घडीवर चिरतं. पूर्ण सपाट नाही झालं तरी चालेल, पाणी उतरलं पाहिजे. वर चढताना १२ मिमी प्लाय दोन पाइपांवर टेकवूनच पाय ठेवा.

बर्फगाडी
मासळीच्या गाडीत पत्र्याखाली पीयूएफ (गारवा टिकवणारा पॉलियुरेथेन फोम) असतो. तिथे वेल्डिंग अजिबात नको, फोम पेटतो आणि धूर विषारी असतो. फोम भिजला असेल तर वरून ठिगळ लावून उपयोग नाही, पाणी आतच कोंडतं. ओला भाग कापून काढा, पोकळी दोन-तीन दिवस पंख्याने सुकवा, मगच नवा फोम आणि पत्रा.

हर्णेकर
मासळीच्या गाड्या जूनमध्येच मोकळ्या होतात, तेव्हा पाऊस लागलेला असतो. नुसती ताडपत्री पुरत नाही, खालून वाफ धरते. शेडमध्ये काम घ्या आणि सीलंट लावल्यावर तीन दिवस गाडी हलवू नका.