वेशीवरचं इंदूर : राहायला कसं आहे? आपापले अनुभव लिहा

रामबागेतलं जुनं घर सोडून राऊच्या पुढे राहायला आलो, त्याला ३ वर्षं झाली. गॅलरीतून सोयाबीन दिसतं. रात्री पंखा बंद करावा लागतो. शब-ए-मालवा म्हणतात ती माळव्याची गार रात्र शहरात हरवली होती, इथे सापडली. पण शहरात ‘सानंद’ संस्थेचं मराठी नाटक संपवून सासूबाईंना घेऊन घरी पोचेस्तोवर पावणेबारा होतात. शेवटच्या दोन किलोमीटरांत दिवे नाहीत, म्हशी आहेत. तुमच्यापैकी कोणी असं अधेमधे राहत असेल तर लिहा. चांगलं-वाईट दोन्ही.

सिमरोलवाला : आयआयटी आल्यापासून खोल्या रिकाम्या राहत नाहीत. पाण्याचं मात्र विचारू नका. ‘डग-डग रोटी, पग-पग नीर’ ही माळव्याची ख्याती आमच्या बोअरच्या कानावर गेलेली नाही. मार्चमध्येच त्याला धाप लागते. १९७८ पासून नर्मदा जलूदहून ७० किलोमीटर चढून शहरात येते. आमच्या दारात टँकर येतो.

देवगुराडियाची सून : लग्न होऊन आले तेव्हा माहेरचे लोक चहाच्या कपावर बशी झाकून बसायचे, इतक्या माश्या. कचऱ्याचा डोंगरच होता. तो हटला, २०२२ मध्ये ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा कारखाना आला, रोज ५५० टनांचा. आता माहेरचे मुक्कामाला राहतात. (हे चांगल्यात धरायचं की वाईटात, नंतर सांगते.)

एकटा काका : पहाटे मोर, मग गाणं वाजवत कचऱ्याची गाडी. गजराचं घड्याळ नातवाला देऊन टाकलं.

काळी माती : ‘गॅलरीतून सोयाबीन दिसतं’ वाचून हसू आलं, ताई. ते आमच्यासारख्या कुणाचं तरी असतं. आजोबांपासून शेती इथेच. शेजारी कॉलनी उठली तेव्हा नाला बुजवून वर रस्ता केला, खाली हातभर रुंदीचा एक पाइप. काळी माती पाणी लवकर सोडत नाही. गेल्या भादव्यात, ऐन शेंगा भरायच्या वेळी, चार दिवस पाणी तुंबलं आणि खालचं दीड बिघा पिवळं पडलं. सांगायला गेलो, तर आमचीच तक्रार आधी पोचलेली : नरवाईचा (कापणीनंतर उरलेल्या खुंटांचा) धूर, थ्रेशरची धूळ. धुराचं कबूल, नरवाई जाळणं चूकच. दोन वर्षांपासून मी रोटाव्हेटर फिरवतो. पण धूळ? दाणे काय चादरीखाली काढायचे? तरी जमीन विकलेली नाही. लसूण भरून पहाटे चोइथराम मंडीला निघालो की दुपारच्या जेवणाला घरी. हे सुख लांबच्या गावातल्या भावांना नाही.

धागाकर्ती : भाऊ, तुमचं वाचून काल संध्याकाळी आमच्या गेटबाहेर जाऊन पाहिलं. पाइप आहे. निम्मा गाळाने भरलेला, वर कोणीतरी तुळशीची कुंडी ठेवलीय. रविवारी सोसायटीच्या बैठकीत विषय काढते. तुमच्या शेजारची कॉलनी कुठली, ते मात्र इथे लिहू नका.