मंडईच्या हंगामासाठी लावणी नर्तकींची निवड

प्रश्न: दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगावी मंडई (जत्रा) भरते आणि रात्रीच्या नाटकांचे प्रयोग सुरू होतात. आमच्या नाटक मंडळीला 4 नर्तकी हव्यात, तालमीला 3 आठवडे आहेत. चाचणी कशी घ्यावी?

उत्तर: भाऊ, पाठ असलेली लावणी नाचायला लावू नका, ती सगळ्यांचीच चांगली होते. 8 मात्रांचे 4 नवे तुकडे शिकवा, 20 मिनिटं द्या, मग तेच डाव्या पायापासून करायला सांगा. खरी पकड तिथं दिसते. त्यानंतर ढोलकीवाल्याला लय हळूहळू चढवायला लावा. पायाचा ठोका कच्चा असला की घुंगरांचा आवाज विखुरतो. डोळे मिटून ऐकलं तरी कळते. मोबाईलवरच्या गाण्यावर चाचणी नकोच. तिथं लय ठरलेली असते, मंचावर वादक समोर बसतात.

उत्तर: चाचणी रात्री घ्या. प्रयोग पहाटेपर्यंत चालतो, थंडीत पोटऱ्या आखडतात. मंचावर जायच्या आधी 10 मिनिटं अंग गरम करणं सक्तीचं ठेवा. सिमेंटवर रोज तालीम केली तर नडग्या भरून येतात, फळ्या टाका. फळ्यांच्या फटीही आधीच तपासा, टाच अडकून पाय मुरगळतो.

उत्तर: पाचवी राखीव घ्या, तिला चारही जागा शिकवा. उचल आणि तारखा कागदावर लिहा.

प्रश्नकर्ता: पाचवीचा खर्च झेपणार नाही जी.

उत्तर: मग तिघींची त्रिकोणी रचना आत्ताच बसवा. ऐनवेळी एक जागा रिकामी ठेवून नाचलं तर बाकीच्यांच्या अदलाबदली चुकतात.