चुडा भरताना आईने स्वयंपाकघरात का बसायचं?

गोदाकाठची
पुढच्या महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न आहे, इथे नाशिकलाच. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. काल मोठ्या काकू यादी करायला बसल्या. अष्टपुत्री मामा आणणार, येवल्याची पैठणी घेऊन झाली, मुंडावळ्या, नथ, तन्मणी, जोडवी. मग चुड्याचा विषय निघाला, तेव्हा आईकडे न बघता म्हणाल्या, "तू तेवढा वेळ स्वयंपाकाकडे बघ." आई "हो" म्हणाली आणि उठून गेली.

सहा वर्षांपूर्वी माझा चुडा भरताना कासारीणबाईंनी पहिल्या बांगडीला आईचा हात लावून घेतला होता. नंतर आईनेही हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. तेच हात आता अशुभ कसे झाले? माझं स्पष्ट मत आहे, बहिणीच्या चुड्याला आईचाच हात पहिला लागला पाहिजे.

सिन्नरची आत्या
बाळा, तुझी तळमळ कळते, तरी पटत नाही. हिरवा चुडा सौभाग्याचा, म्हणून तो सवाष्णींच्या हातून. यात आईचा अपमान नाही. बांगडी फुटली तरी आपण "फुटली" म्हणत नाही, "वाढवली" म्हणतो, इतकं ते जपायचं लेणं आहे. मीही विधवा आहे. लेकीच्या वेळी मी आपणहून बाजूला झाले. उद्या तिच्या संसारात काही झालं असतं, तर लोकांआधी मीच स्वतःला दोष दिला असता.

मेन रोडवाला
आमचं घर कासारांचं, म्हणून लिहितो. माझी आजी पस्तिसाव्या वर्षी विधवा झाली आणि त्यानंतर तीस वर्षं तिने पंचवटीपासून सिडकोपर्यंत नवरीमुलींचे चुडे भरले. दोन-चार की दोन-सहा, हे माप ती हात हातात घेऊनच सांगायची. साबण लावून, अंगठ्याचा सांधा दाबून काचेची बांगडी न वाढवता चढवायची. एका हातात एक जास्त, हेही कटाक्षाने पाळायची. चुडा भरून झाला की नवरी तिच्याच पाया पडायची. तिचं कपाळ मोकळं आहे म्हणून तिला कुणी परत पाठवलं नाही, कारण काम तिलाच येत होतं. कासारीण चालते, मग जन्म देणारी का चालत नाही? आत्या, याचं उत्तर मला खरंच हवंय.

सिन्नरची आत्या
कासारीण तिचा धंदा करते, ती आशीर्वाद द्यायला बसत नाही. आईचं तसं नाही.

गोदाकाठची
आशीर्वाद द्यायला सगळ्यात मोठा हक्क तर आईचाच ना?

जुने_नाशिक
मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला: नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनेही इतर गावांना तसं आवाहन केलं. एक ग्रामसभा हे करू शकते, तर एका घराला का जमू नये? मात्र एक खटकलं. आईला कुणी विचारलं का? काकूंनी ठरवलं, आता लेक ठरवतेय. भरल्या घरात, पाहुण्यांच्या नजरा झेलत तिला पुढे बसवणं हीसुद्धा जबरदस्तीच होईल.

सिन्नरची आत्या
हे मात्र बरोबर बोललात. ठराव झाला तरी नजरा बदलायला वेळ लागतो.

गोदाकाठची
चूक मान्य. आज दुपारी विचारलं. बराच वेळ मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "हात लावीन. पण आतल्या खोलीत, फोटोवाला नको." मला ते पुरेसं वाटत नाही. बैठकीतच व्हायला हवं, काकूंच्या समोर.

मेन रोडवाला
ताई, आतल्या खोलीत होऊ द्या. कासारीणबाईंना आधी कल्पना द्या, म्हणजे त्या आईला शेजारीच बसवून घेतील. आणि आईच्या मापाच्या हिरव्या बांगड्याही आणायला सांगा. भरायच्या की नाही ते त्यांचं त्या ठरवतील.

सिन्नरची आत्या
हात लावण्यापर्यंत ठीक. त्यांनी स्वतः हिरवा भरणं मला अजूनही रुचत नाही.

गोदाकाठची
आत्या, तिचं माप दोन-सहा. मी सांगून ठेवलंय.