मदत हवी आहे: १९०७ चा ब्रिटिश लष्करी सुरा, किती सांगू? (उद्यापर्यंत)

दगडफूल
रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एक ब्रिटिश लष्करी सुरा घेतला. पात्यावर १९०७ साल स्पष्ट कोरलंय. १४०० दिले. ओळखीतल्या ओळखीतले एक गृहस्थ ९ हजार द्यायला तयार आहेत, पण उद्या संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय. स्वस्तात जातोय का? जाणकारांनी प्लीज लवकर सांगा. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांनी धाग्यावर येऊ नये.

खवट_तात्या
फोटो?

दगडफूल
अपलोड होत नाहीये, साइझची कटकट. साधा लष्करी सुरा आहे हो, लाकडी मूठ.

तोफखाना
एवढ्यावरून काय सांगणार? पातं किती लांब? मुठीपुढच्या आडव्या पट्टीला गोल कडी आहे का? मुठीच्या टोकाजवळ बटण? साल सोडून अजून काय कोरलंय? म्यान?

नर्मदाकाठ
आधी गंज काढा! रात्रभर चिंचेच्या कोळात, सकाळी पितांबरी, मग पॉलिश पेपर. आमच्याकडची तलवार दसऱ्याला अशीच लखलखीत करतो.

तोफखाना
ताई, अजिबात नको!! पॉलिश पेपरने शिक्के पुसट होतात आणि किंमत शिक्क्यांचीच असते. थोडं मशीनचं तेल, मऊ फडकं, बास.

नर्मदाकाठ
आमची तलवार चार पिढ्या टिकलीय, तुमच्या तेलाशिवाय.

दगडफूल
मूळ प्रश्न किमतीचा आहे. बरं, घ्या: पातं १२ इंच. कडी आहे, करंगळी जाते. बटण दाबलं की आत जातं, पण परत येत नाही. एका बाजूला मुकुट, जी आर, १९०७, त्याखाली ६ १७, मग सँडरसन. दुसऱ्या बाजूला बाण आणि फुली. म्यान नाही. आता बोला.

तोफखाना
हे आधी सांगितलं असतंत तर! हा सुरा नाही, ली-एनफील्ड रायफलची संगीन आहे. कडी नळीच्या तोंडाखालच्या खुंटीवर बसायची, बटणाने मूठ रायफलला अडकायची. १९०७ हे मॉडेलचं साल, बनवल्याचं नाही. तुमची जून १९१७ ची, शेफील्डच्या सँडरसनची. जी आर म्हणजे राजा जॉर्ज, बाण म्हणजे सरकारी मालमत्ता, फुली म्हणजे पातं वाकवून तपासल्याची खूण.
पण मूळ पातं १७ इंची असतं. भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा कितीतरी संगिनी कापून १२ इंचाच्या आसपास आणल्या. पात्यामधली पन्हळ बघा. मूळ संगिनीत ती टोकाच्या बरीच अलीकडे थांबते, कापलेलीत पार टोकापर्यंत जाते. टोक नीट घडवलेलं असेल तर फॅक्टरीचं काम. ग्राइंडरचे ओरखडे असतील तर बाजारातल्या कुणाचा तरी उद्योग, मग ९ हजार म्हणजे लॉटरी.

गडवाट
ती पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते. नाहीतर सुरा शरीरात रुतून बसतो.

तोफखाना
नाही हो. पातं हलकं व्हावं आणि ताकद टिकावी म्हणून असते. रक्ताचा काही संबंध नाही.

गडवाट
एनसीसीत आम्हाला सुभेदारसाहेबांनी हेच सांगितलं होतं. ते लढलेले होते, आपण नाही.

खवट_तात्या
अवांतर: पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) मराठा पलटणी होत्या. कुतच्या वेढ्यात सहावी पुणे डिव्हिजन अडकली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. आमचे पणजोबा त्यातच होते म्हणतात, कागद काही सापडला नाही. ही संगीन तिथलीच असेल का?

तोफखाना
तात्या, संगीन १९१७ ची, शरणागती १९१६ ची.

वकिलीबाणा
कुणी कायद्याचं बोलतच नाहीये. आर्म्स रूल्स २०१६ च्या यादीत धारदार शस्त्रांत संगीन नाव घेऊन आहे. तुमच्या भागात परवाना लागतो का, ते विकण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्यात १०० वर्षांवरची वस्तू येते. गिऱ्हाईक परदेशातलं असेल तर विषयच संपला, खासगी माणसाला ती बाहेर पाठवता येत नाही.

गडवाट
पण कापली १९४० नंतर, मग १०० कुठून मोजायची?

वकिलीबाणा
प्रश्न चांगला आहे. पुरातत्त्व खात्याला लेखी विचारा, इथे मत देणार नाही.

सुपारीबाज
मस्त धागा. माझ्याकडे आजोबांचा पितळी अडकित्ता आहे, मोराचा. त्याला कोणी गिऱ्हाईक आहे का?

दगडफूल
अडकित्त्यासाठी वेगळा धागा काढा ना दादा. गिऱ्हाईक इथलंच आहे, पोलिसांचं सकाळी बघतो. आत्ताच फोन आला होता, ९ वरून ७ वर आलेत, म्हणे म्यान नाही. तोफखाना, पन्हळ टोकापर्यंत गेलीय. पण टोकाजवळ आडवे ओरखडे आहेत. ते फॅक्टरीचे की ग्राइंडरचे?

तोफखाना
न बघता नक्की सांगता येणार नाही. उजेडात तिरकी धरून बघा. ओरखड्यांच्या आतला धातू बाकीच्या पात्याइतकाच काळपट असेल तर ते जुने, चकाकत असेल तर हल्लीचे. टोकाचा क्लोजअप व्यनि (खासगी निरोप) करा, रात्री बघतो. आणि म्यान नाही हे त्यांना ९ म्हणतानाही दिसत होतं.