आईच्या जिभेची आग होते, पण दिसत काहीच नाही. कोणाला दाखवावं?

नमस्कार. आई 61 वर्षांची, कराडजवळ गावी असते. गेल्या दिवाळीपासून जिभेचा शेंडा आणि खालच्या ओठाची आतली बाजू भाजल्यासारखी होते. घाईत गरम चहा प्यायल्यावर होतं ना, तसं, पण दिवसभर. तोंड आलेलं नाही, चट्टा नाही, फोड नाही. टॉर्च लावून मी स्वतः पाहिलंय.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) जेवताना त्रास नाही. भाकरी-ठेचा व्यवस्थित खाते. सकाळी बरी असते, दुपारनंतर आग वाढत जाते आणि दिवेलागणीला बर्फाचा खडा तोंडात धरून बसते. तोंड कोरडं, चव कडवट. ठेचा चालतो आणि रिकाम्या तोंडी आग होते, म्हणून घरच्यांनी 'मनाचे खेळ' ठरवून टाकलंय. तिला आगीपेक्षा तेच जास्त लागतं.

उष्णता म्हणून गुलकंद, सब्जा झालं. दातांच्या डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्स आणि जेल दिलं. हिमोग्लोबिन, बी-12, थायरॉइड, तीन महिन्यांची साखर ठीक. कवळी नाही, बीपीची गोळी चालू आहे. 'बर्निंग माउथ सिंड्रोम'बद्दल वाचलं, ते जुळतंय. पण हे ठरवतं कोण? दातांचे, कान-नाक-घशाचे की नसांचे डॉक्टर?

प्रतिसाद 1
ताई, आधी सांगा, मिश्री किंवा सुपारीची सवय? तोंडात तीन बोटं उभी मावतात का? सुपारीने तोंड आखडतं त्याचीही सुरुवात आगीनेच होते, पण तिथे तिखट सोसत नाही. तुमच्या आईचं उलटंच दिसतंय. बर्निंग माउथची वेगळी अशी तपासणी नाही. बाकीची कारणं एकेक करून बाद करायची. रोज दोन तासांहून जास्त आणि तीन महिन्यांहून अधिक काळ आग होत असेल तर मग हे नाव. फेरिटिन राहिलंय, ते करा. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. बुरशीसाठी स्वॅबही. डेंटल कॉलेजात ओरल मेडिसिनचा, म्हणजे तोंडाच्या आजारांचा विभाग असतो, सुरुवात तिथून.

प्रतिसाद 2
मला चार वर्षं आहे, पाळी गेल्यावर सुरू झालं. बायकांमध्ये बहुतेक वेळा याच वयात होतं म्हणे. आईंना सांगा, हे मनाचं नाही, नसांचं दुखणं आहे. मला क्लोनाझेपामची गोळी तीन मिनिटं जिभेवर विरघळवून थुंकायला सांगितली होती. आग निम्म्यावर आली, गेली नाही. सवय लागणारी गोळी आहे, चिठ्ठीशिवाय अजिबात नको. झोंबणारी पेस्ट आणि दालचिनी बंद करून बघा. आणि बीपीच्या गोळीचं नाव 'प्रिल'ने संपत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, क्वचित त्यानेही होतं. स्वतःहून बंद मात्र करू नका.

धागाकर्ती
दोघींचे आभार. तीन बोटं मावतात. मिश्री लावायची, सोडून बारा वर्षं झाली. गोळी रामिप्रिल निघाली! सोमवारी बीपीच्या डॉक्टरांकडे, मग डेंटल कॉलेज. आणि शेजारच्या काकूंनी आगीवर दिलेल्या काढ्यात दालचिनीच आहे. ते काकूंना कसं सांगायचं हा वेगळा धागा.