ललिंगचा तासाभराचा चढ आणि एक बाटली पाणी

अमळनेरकर :
‘ललिंग म्हणजे तासाभराचा किल्ला, कोणत्याही वेळी निघावे, पायांत चपला चालतात, एक बाटली पाणी पुरते, बाकी सगळा पुण्या-मुंबईच्या ट्रेकरांचा बडेजाव आहे.’ पांझराकाठ यांचे हे कालचे लिखाण वाचून मी गप्पच बसणार होतो. परंतु त्याखाली तिघांनी ‘रविवारी दुपारी जाऊ’ असे लिहिलेले पाहिले आणि राहवले नाही. धुळ्याजवळचे हे गाव महामार्गाला लागून, वाट गावातून आणि किल्ला डोक्यावर दिसतो, या जवळिकीनेच माणूस फसतो. लांबच्या डोंगराला निघताना आपण शिदोरी बांधतो, वेळेचा हिशेब करतो. इथे मात्र हात हलवत निघतो. अंतर थोडे असल्यामुळेच चढ छातीवर येतो, दम खायला सपाटी मिळत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४ अंशांपर्यंत गेलेला असताना वरून ऊन व खालून तापलेला काळा खडक, असे दोन्हीकडून भाजून निघावे लागते.

माझीच गोष्ट सांगतो. पुतण्याला घेऊन मी सकाळी अकराला निघालो, चूक सर्वस्वी माझी. अर्ध्या वाटेवर तो ‘आपली बस केव्हा आहे?’ असे विचारू लागला. आम्ही मोटारसायकलने आलो होतो. अंगाला घाम होता, म्हणून मी तो थकवा समजलो, त्याला लिंबूपाणी पाजले आणि पुन्हा चालायला लावले. दहा पावलांवर तो कोसळला. दोन गुराख्यांनी त्याला खाली उतरवले, म्हणून आज हे लिहीत आहे.

पांझराकाठ :
आपल्या पुतण्याबद्दल वाईट वाटले. पण अकराला निघालात आपण आणि दोषी ठरलो मी, हा न्याय समजला नाही. चाळीस वर्षे मी त्या वाटेने जात आहे. ज्या गुराख्यांनी आपल्याला मदत केली, त्यांच्या पायांत काय होते, तेवढे सांगावे. आणि सातपुड्यातल्या अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत यात्रेला हजारो माणसे जातात, त्यांतली कितीतरी अनवाणी, तीही रात्रीच्या अंधारात. आमचे वडील म्हणत, ‘काही नही व्हस.’

धडगाववाला :
अस्तंब्याचे नाव निघाले म्हणून लिहितो. ती यात्रा दिवाळीच्या थंडाव्यात, रात्री, गावेच्या गावे मिळून करतात. पुढच्याच्या पावलावर मागच्याचे पाऊल पडते आणि थकलेल्याला बसवून घेणारे कोणीतरी सोबत असते. अश्वत्थाम्याच्या भेटीला निघालेला माणूस वेळ वाचवायला निघालेला नसतो. त्या यात्रेचा दाखला मे महिन्यातल्या दुपारसाठी देणे म्हणजे बैल दाखवून म्हैस विकणे आहे.

पांझराकाठ :
म्हणजे अनवाणी चालता येते, हे आपण मान्य केलेत. धन्यवाद.

धडगाववाला :
मी काहीही मान्य केलेले नाही. माझी आजी जन्मभर अनवाणी डोंगर चढली, कारण चपलेला पैसे नव्हते. तिच्या टाचांच्या भेगा आपण पाहिल्या असत्या, तर त्यांना पुरावा म्हटले नसते. आमच्या गरिबीला कोणी काटकपणा म्हटले की माझे डोके फिरते.

चाळीसगावकर :
दोघांनीही आवाज उतरवावा. चपलेचा खरा प्रश्न चढताना नव्हे, तर उतरताना येतो. मुरमाच्या घसाऱ्यावर वाळलेले कुसळी गवत पसरलेले असते आणि त्यावर गुळगुळीत तळव्याची चपल म्हणजे घसरगुंडी. आमच्याकडे पाटणादेवीजवळच्या कण्हेरगडावर मीही एकदा असाच बसत-बसत उतरलो आहे. पँटचे काय झाले ते विचारू नये. तिरके पाऊल टाकावे, गवताला धरू नये, दोघांत अंतर ठेवावे आणि दगड सुटला तर ओरडावे. वाटेसारखी दिसणारी प्रत्येक रेघ वाट नसते. पावसाच्या पाण्याने पडलेली ओघळही तशीच दिसते आणि ती थेट कड्यापाशी नेते. जाता जाता : वर टाकी आहेत म्हणून पाणी कमी नेणाऱ्यांसाठी सांगतो. असीरगडचा किल्ला हाती येण्याआधी खानदेशचा सुलतान नासिरखान फारुकी याच ललिंगवर राहत होता; त्याला टाक्यांतले पाणी पुरले असेल, आपण उन्हाळ्यात त्यावर विसंबू नये.

पांझराकाठ :
टाक्यांचा उल्लेख मी केलेलाच नाही. परंतु ज्याला त्याला काही ना काही सांगायचे आहेच, तर चालू द्या.

भुसावळची परिचारिका :
मलाही सांगायचेच आहे. अमळनेरकर काका, राग मानू नका, पण पुतण्या असंबद्ध बोलत असताना त्याच्या तोंडात लिंबूपाणी घालणे धोक्याचे होते. शुद्ध हरपत असलेल्या माणसाला ठसका लागून पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, हा समजही चुकीचा आहे. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकते. बोलणे बिघडले की चढ तिथेच थांबवावा, सावली शोधावी, सोबत असेल नसेल ते पाणी अंगावर ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. पिण्याचे पाणी मीठ-साखर घालून तहान लागण्याआधीपासून थोडेथोडे घ्यावे. एका बाटलीत यांतले काय काय होणार, याचे गणित पांझराकाठ यांनीच मांडावे.

अमळनेरकर :
ताई, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. लिंबूपाण्याबद्दल आजवर कोणीच बोलले नव्हते. उलट सर्वांनी शाबासकी दिली होती.

पांझराकाठ :
परिचारिकाताईंच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि केवळ बोलण्यासाठी बोलणारा मी नव्हे. तरीही एक नोंदवतो : मी स्वतः नेहमी पहाटे पाचला निघतो आणि नऊच्या आत खाली असतो.

धडगाववाला :
मग हे मूळ लिखाणात का नव्हते? आपण स्वतः पहाटे जाता आणि लोकांना ‘कोणत्याही वेळी’ सांगता?

पांझराकाठ :
कारण मला ते सांगण्याजोगे वाटले नाही. उन्हाळ्यात पहाटेच निघायचे असते, हे खानदेशात जन्मलेल्याला शिकवावे लागेल, असे वाटले नव्हते. असो. ‘कोणत्याही वेळी’ हे शब्द काढून ‘नऊच्या आत परत’ असे केले आहे, ‘एक बाटली’च्या जागी ‘माणशी तीन लिटर’ लिहिले आहे. रविवारच्या तिघांनाही कळवले आहे. चपलेचे वाक्य मात्र तसेच राहील.

धडगाववाला :
राहू द्या. त्यावर मी पुन्हा लिहीनच.