मुलांच्या सॉफ्टबॉल सामन्यात पालकांनी पंचांशी भांडावं का?

डगआउटमधून (धागा):
गेल्या आठवड्यात १७ वर्षांखालील मुलींचा जिल्हास्तरीय सामना पाहिला. डोक्यातून जात नाही म्हणून मांडतो. गाव, शाळा, पंच, कोणाचंच नाव घेत नाही. तुम्हीही विचारू नका.

शेवटचा डाव. आमच्या मुली एका रनने मागे, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले. बॅटरने तिसऱ्या स्ट्राइकला बॅट फिरवली, चेंडू हुकला. तिसरी स्ट्राइक म्हणजे एरवी बाद, पण कॅचरने (बॅटरमागे चेंडू झेलणारीने) तो झेलला नाही तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकते. पण तो कॅचरच्याही हातून सुटला आणि मागे जाळीपर्यंत गेला. पोरगी जीव खाऊन पळाली, पहिल्या बेसवर पोचली. तिसऱ्या बेसवरची होमला, म्हणजे रन पूर्ण होतो त्या जागी, आली. बरोबरी झाली असं वाटलं, तेवढ्यात प्लेट अंपायरने, म्हणजे होममागच्या पंचाने, हात वर केला: पहिला बेस भरलेला होता, म्हणून बॅटर बाद. सामना संपला.

निर्णय चुकीचा होता. पहिला बेस रिकामा हवा ही अट दोनपेक्षा कमी बाद असताना लागते. दोन बाद असतील तर बेस भरलेला असला तरी बॅटर पळू शकते. म्हणजे चूक नजरेची नव्हती, नियमाची होती, आणि नियमाच्या चुकीवर प्रोटेस्ट, म्हणजे रीतसर हरकत, करता येतो. एरवी तो पुढचा चेंडू टाकायच्या आत सांगावा लागतो. सामनाच संपला असेल तर पंच मैदान सोडायच्या आत.

कोच नियमाचं पुस्तक काढायला पिशवीकडे वळले. तोवर एक वडील दोरी ओलांडून आत गेले आणि त्यांनी अंपायरची कॉलर धरली. मागोमाग आणखी चार-पाच जण. आयोजकांनी कडं करून पंचांना बाहेर नेलं. प्रोटेस्ट ऐकायला मैदानावर कोणी उरलंच नाही. पोरगी अजून पहिल्या बेसवर उभी होती.

माझं म्हणणं सरळ आहे. पंचांशी बोलायचं ते फक्त कोचने. पालकांपैकी कोणी पंचांवर ओरडलं तर सामना थांबवावा आणि तो माणूस मैदानाबाहेर गेल्याशिवाय पुढचा चेंडू टाकू नये.

खानदेशी आई:
कॉलर धरणं वाईटच, त्यावर वाद नाही. पण बाकीचं पटलं नाही. माझी लेक पहाटे साडेपाचला सरावाला जाते. जिल्हा जिंकला तर विभाग, मग राज्य. पुढे नंबर आला तर दहावीचे वाढीव गुण, नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. आमच्यासारख्या घरात हे लहान नाही. एका चुकीच्या हातवाऱ्याने ते जातं, आणि आईबापाने टाळ्या वाजवत बसायचं? आमच्याकडे एकदा पंच म्हणून उभे होते ते समोरच्याच संघाच्या शाळेत शिक्षक होते. तेव्हा कोच गप्प राहिले, कारण उद्या त्यांनाही त्याच लोकांकडे जायचं असतं. मग बोलायचं कोणी?

क्लिकरवाला:
मी १४ वर्षं सॉफ्टबॉलला पंच आहे, शाळेत क्रीडाशिक्षक. ताई, स्वतःच्या शाळेच्या सामन्याला पंच म्हणून उभं राहायचं नाही, हे तुमचं शंभर टक्के बरोबर. ते आधी लेखी मागा, सामन्याच्या दिवशी सकाळी मागा. मी स्वतः असा सामना दोनदा नाकारला आहे.

पण एक फरक समजून घ्या. बॉल की स्ट्राइक, सेफ की आउट, पिचरच्या हातून चेंडू सुटण्याआधी रनरने बेस सोडला की नाही, हे सगळं पंचांच्या नजरेवर आहे. त्यावर प्रोटेस्ट नाही. तुमच्या मोबाइलमध्ये वेगळं दिसलं तरी नाही. नियमच चुकीचा लावला, तर मात्र कोचने शांतपणे यावं, ‘प्रोटेस्ट’ हा शब्द उच्चारावा आणि स्कोअररला लिहून घ्यायला लावावं. धाग्यातला प्रसंग वाचून मला लाज वाटली, कारण हा नियम पंचाला झोपेतही आला पाहिजे. पण दिवसाचा पाचवा सामना, कपाळावरून घाम मास्कमध्ये गळतोय आणि मागून आईवरून शिव्या येतायत, अशा वेळी मीही चुकलो आहे. ओरडल्याने माझा एकही निर्णय कधी सुधारला नाही.

एडिसनकर:
आमच्या न्यू जर्सीत डेप्टफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या लिटल लीगचे (लहान मुलांच्या बेसबॉल-सॉफ्टबॉल स्पर्धांचे) दोन स्वयंसेवक पंच पालकांच्या त्रासाने सोडून गेले. तेव्हा २०२३ मध्ये त्यांनी नियम केला: पंचांशी भांडाल तर आधी तीन सामन्यांत पंच म्हणून उभे राहा, मगच परत सामना बघायला या. माझी मुलगी इथे दुसऱ्या लीगमध्ये सॉफ्टबॉल खेळते. तिच्या सामन्याला कधी कधी पंच म्हणून पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा असतो. त्याच्यावर पन्नाशीचा माणूस ओरडतो, तेव्हा आम्हा बाकीच्यांना मान खाली घालावी लागते.

खानदेशी आई:
तीन सामन्यांची कल्पना आवडली. मला द्या, मी उभी राहते. पण तिथे पंच स्वयंसेवक आहेत, लीग मुलांच्या आनंदासाठी आहे. आमच्याकडे त्या एका रनवर प्रमाणपत्र ठरतं. आम्ही मुद्दाम आवाज चढवत नाही हो. लेखी तक्रार दिली की ती कुठे जाते, कोण वाचतं, कधीच कळत नाही. ओरडलं की निदान कोणी तरी वळून बघतं.

मधला बेस:
अमेरिकेतल्या सेंट्रल वॉशिंग्टन आणि वेस्टर्न ऑरेगन या कॉलेज संघांचा २००८ मधला सॉफ्टबॉल सामना आठवा. वेस्टर्न ऑरेगनच्या सारा टकोल्स्कीने होमरन मारला, म्हणजे चेंडू कुंपणापार गेला, पण सगळे बेस शिवून होमला यावंच लागतं. पहिल्या बेसजवळ तिचा गुडघा गेला. पंचांनी सांगितलं, तिच्या संघातल्या कोणी हात लावला तर ती बाद, आणि बदली रनर दिली तर होमरन धरला जाणार नाही. तेव्हा समोरच्या संघातल्या मॅलरी होल्टमन आणि लिझ वॉलेस यांनी तिला उचललं आणि प्रत्येक बेसला तिचा पाय टेकवत होमपर्यंत नेलं. सामना होल्टमन-वॉलेसचा संघ ४-२ ने हरला. नंतर कळलं, पंचांनी नियमच चुकीचा सांगितला होता, बदली रनर चालली असती. चूक तिथेही झालीच होती.

खानदेशी आई:
वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण ते मुलींनी केलं. त्यांना कोणा मोठ्या माणसाने सांगितलं नव्हतं.

डगआउटमधून:
ताई, तक्रार कुठे जाते हा तुमचा प्रश्न मला टाळता येत नाही. माझ्या पहिल्या मताला एवढी जोड देतो: प्रोटेस्ट कोणाकडे, किती वेळात, किती शुल्क भरून, आणि उत्तर कधी मिळणार, हे आयोजकांनी सामन्याआधी फळ्यावर लिहिलं पाहिजे. आमच्याकडे तसा फळा नव्हता. क्लिकरवाले सर, तुम्ही एक पानाचा मसुदा करून द्याल का? पुढच्या स्पर्धेआधी मी तो जिल्हा क्रीडा कार्यालयात स्वतः नेऊन देतो.

ते वडील काल भेटले. म्हणाले, लेक चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एवढंच विचारलं, “बाबा, मी पळाले ते बरोबर होतं ना?” त्यांना उत्तर माहीत नव्हतं. मी नियमाचं पान दाखवलं, त्यांनी फोटो काढून घेतला.